सलूनमधली फळी आणि नाटकातला नावाडी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. हे ऐकून तुम्ही नाक मुरडले असेल तर हरकत नाही, मुरडून घ्या. मला चाक नाही, घंटा नाही, दिवा नाही, आणि माझ्यावर कधी एखादा राजा बसल्याचेही ऐकिवात नाही. पण मी काही भिंतीला ठोकून घेऊन बरण्या सांभाळणारी फळी नव्हे. सलूनमध्ये लहान मुलाचे केस कापायचे असले की खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकतात आणि तिच्यावर त्या मुलाला बसवतात, म्हणजे त्याचे डोके आरशात दिसते. ती फळी मी. आमच्या गल्लीत आज जे मिशांना पीळ देत फिरतात, त्यांतले निम्मे एकेकाळी माझ्यावर बसून भोकाड पसरत होते. नावे सांगत नाही, कारण ते अजून इथेच दाढीला येतात.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. खरे तर मी जिन्याची पायरी व्हायची होते. जिना पुरा झाला आणि मी उरले. तो सुतार केस कापायला आला असताना सलूनच्या मालकांनी आपले गाऱ्हाणे त्याच्या कानावर घातले, की पोरे खुर्चीत बसवली तर आरशात नुसते कपाळ दिसते आणि वाकून वाकून कमरेचा काटा ढिला होतो. लगेच दुसऱ्या दिवशी सुतार मला काखेत मारून हजर झाला. त्याने माझे कोपरे गोल केले होते, खुर्चीच्या हातांवरून घसरू नये म्हणून खालून दोन पट्ट्या ठोकल्या होत्या आणि वरून निळे रेक्झिन ताणून बसवले होते.

"पायरीचं लाकूड आहे," तो मालकांना म्हणाला. "तुडवून घ्यायलाच जन्मलंय. पोरांना घाबरणार नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. मी कुणाला घाबरले नाही. लाथा खाल्ल्या, चॉकलेटचे चिकट हात माझ्या कडांना पुसून घेतले, आणि भीतीने जे जे व्हायचे ते ते माझ्यावर होऊन गेले. मालक मला लगेच धुऊन उन्हात ठेवत. मी माणसे चेहऱ्याने ओळखत नाही, बसण्याने ओळखते. कुणी दगडासारखे बसते, कुणी एका बाजूला कलते, कुणी दोन्ही हातांनी मला घट्ट धरून ठेवते. आणि एक मुलगी अशी होती, की ती बसलीच नाही कधी. म्हणजे बसायची, पण एका जागी नाही. आधी उजवीकडे सरकायची, मग डावीकडे, मग एक पाय वर, मग वाकून जमिनीवर आपलेच कापलेले केस बघायची. ही मालकांची थोरली लेक. मी तिचे नाव वळवळी ठेवले. तिचे खरे नाव वेगळे आहे, पण मला माझेच आवडते.

मालक कंगवा तिच्या डोक्यावर हलकेच टेकवून म्हणायचे, "डोकं हलवू नकोस. काय विचार करायचाय तो आतल्या आत कर."

"आत जागा नाही, बाबा," ती म्हणायची. दुकानातली सगळी गिऱ्हाइके हसायची आणि मीसुद्धा थोडीशी करकरायचे.

असे माझे सुखाचे दिवस चालले होते. मग नवी खुर्ची आली. पायाने दाबले की फुस्स आवाज करत वर जाणारी, पुन्हा दाबले की खाली येणारी. आता पोरांना उंच करायला माझी गरज उरली नाही. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात, पण या बयेचे नऊ दिवस संपता संपेनात. जुनी खुर्ची खिडकीशी सरकवून तिच्यावर थांबलेली गिऱ्हाइके बसू लागली, आणि मला झाडूच्या शेजारी उभे केले. काही वर्षे मी दार आपटू नये म्हणून अडकवायला वापरली गेले. माझे निळे रेक्झिन फाटले, एक दिवस कुणीतरी ते ओढूनच काढले. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले. मी त्या फुस्स करणाऱ्या बाईसाहेबांकडे पाठ फिरवून उभी राहायचे. तेवढे माझ्या हातात होते.

माझे दिवस फिरवले ते वळवळीनेच. ती एव्हाना शाळेच्या शेवटच्या वर्षात होती, बापाच्या खांद्याइतकी उंच झाली होती आणि तिने इंग्रजी साहित्याचा पेपर घेतला होता. घरी तिचे धाकटे जुळे भाऊ होते. ते जागे असताना अभ्यास करणे म्हणजे वरातीत हिशेब करण्यासारखे. म्हणून दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, ती सलूनमध्ये येऊन खिडकीशी जुन्या खुर्चीत बसायची. पण वही मांडीवर किती वेळ ठेवणार? एके दिवशी तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला उचलले, ओल्या फडक्याने खसाखसा पुसले, माझ्यावरचे रेक्झिनचे खिळे पक्कडीने काढले आणि मला जुन्या खुर्चीच्या हातांवर आडवे ठेवले. माझ्या पट्ट्या आपल्या जागी अशा बसल्या, जशा काही कालच उठल्या होत्या. ती आत बसली, मी तिच्यापुढे मेज झाले, आणि तिने माझ्यावर एक पुस्तक उघडले.

मित्रांनो, जिच्यावर आजवर फक्त बुडे टेकली, तिच्यावर पहिल्यांदा पुस्तक टेकले की काय वाटते, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. मी दिवसभर फुगून होते. दमट हवेने नव्हे, आनंदाने.

ते पुस्तक म्हणजे एक इंग्रजी नाटक होते. मला इंग्रजी येत नाही, आणि मालकांनाही जेमतेमच. पण वळवळीची एक सवय होती. वाचलेले मोठ्याने कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते तिच्या डोक्यात बसायचे नाही. त्यामुळे ती प्रवेश वाचायची आणि मग सगळी गोष्ट बापाला आपल्या भाषेत सांगायची. बाप केस कापत असायचा आणि ज्याचे केस कापले जात असायचे, त्यालाही ऐकावेच लागायचे. गळ्याभोवती कापड गुंडाळलेला माणूस कुठे पळून जाणार?

गोष्ट साधीच होती. एका नदीवर एक म्हातारा नावाडी असतो. माणसे या तीरावरून त्या तीरावर नेणे, हेच त्याचे आयुष्य. त्याच्या मुलीला दूरच्या शहरात नकाशे छापणाऱ्यांकडे काम शिकायची संधी येते. पण ती म्हणते, मी जाणार नाही, तुम्ही थकलात, आता नाव मी चालवणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर नाव जागेवर नाही. दोर सुटून ती पुराच्या पाण्यात वाहून गेलेली. नावच उरली नाही म्हटल्यावर मुलगी शहराकडे जाते आणि नाटक संपते. आता वर्गात बाईंनी प्रश्न दिला होता, की दोर आपोआप सुटला की कुणी सोडला? पुराव्यानिशी लिहा. परीक्षेत असेच प्रश्न येणार होते.

हा प्रश्न वर्गात राहिला असता तर बरे झाले असते. पण तो सलूनमध्ये आला, आणि सलूनमध्ये आलेला प्रश्न काही मुकाट बाहेर जात नाही.

आमच्याकडे रोज येणारी दोन माणसे होती. एक टपालकाका. जन्मभर घरोघर टपाल वाटून निवृत्त झालेले. डोक्यावर केस नावालाच, पण पेपर वाचायला रोज हजर. दुसरे बेकरीवाले मामा. त्यांची बेकरी समोरच होती आणि पहाटेची भट्टी उरकली की दुपारी ते आमच्याकडे पाय पसरायला येत. दोघांचे कशावरही एकमत होत नसे. नाटकावर मात्र झाले.

"आपोआपच सुटला," बेकरीवाले मामा म्हणाले. "म्हातारा माणूस. डोळ्यांना कमी दिसत असणार. गाठ नीट बसली नसेल."

"मोतीबिंदू," टपालकाका लगेच म्हणाले. "मला झाला होता ना. सकाळी सगळं धुरकट. दोन दोन घरं एकच वाटायची."

"डाव्या डोळ्यात की उजव्या?"

"डाव्या."

झाले. त्या दिवसापासून नावाड्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. पुढच्या दुपारी तो अंधारात चाचपडू लागला. त्याच्या पुढच्या दुपारी त्याने डॉक्टरांकडे जायला नकार दिला होता, असे एका अनोळखी गिऱ्हाइकाने अर्धी दाढी झालेली असताना सांगितले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. या सगळ्या मंडळींनी नावाड्याला जणू लहानपणापासून पाहिले होते. वळवळी खुशीत लिहीत होती. मीही खुशीत होते. मालक तेवढे काही बोलत नव्हते. कुणी विचारले, की तुम्हाला काय वाटते, तर ते कात्री हवेत दोनदा वाजवून म्हणायचे, "माझं लक्ष केसांकडे आहे." त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आणि एकदा टपालकाका म्हणाले, "ती मुलगी चांगली होती हो. नाव चालवणार होती. आपली पोरगीसुद्धा हुशार आहे, हाताला वळण आहे. उद्या हे दुकान तिच्याच हाती द्या." त्यावर वळवळी हसली आणि म्हणाली, "देणारच आहेत." मालकांची कात्री थांबल्याचे मला कळले, कारण तिचा आवाज थांबला. पण बाकी कुणाच्या ते ध्यानात आले नाही.

सराव परीक्षा झाली. पेपर मिळाला त्या दिवशी वळवळी आत आली, तिने माझ्यावर पेपर ठेवला आणि पेपरवर कपाळ. लाकडाला ऊन कळते आणि पाणीही कळते. त्या दिवशी माझ्यावर दोन्ही होते. मालकांनी हातातल्या गिऱ्हाइकाला तसेच अर्धवट सोडले आणि पेपर हळूच ओढून घेतला. लाल शाईत बाईंनी बाजूला लिहिले होते, 'हा मोतीबिंदू कुठून आला?' त्याच्याखाली, 'डॉक्टर कोण?' आणि शेवटी, 'भाषा छान आहे, पण हे या नाटकाबद्दल नाही.'

"बाई काय म्हणाल्या?" मालकांनी विचारले.

"पुढच्या आठवड्यात वर्गात पुन्हा एक निबंध लिहायचा. तो जमला तर साहित्याच्या पेपरला बसवतील. नाहीतर साधा भाषेचा पेपर घ्यायचा." तिने डोके वर केले. तिच्या कपाळावर माझ्या लाकडाच्या रेघा उमटल्या होत्या. "साध्या पेपरवर मला पुढे साहित्य शिकता येणार नाही, बाबा."

टपालकाकांनी आपल्या वर्तमानपत्रात तोंड खुपसले. पेपर उलटा होता. बेकरीवाले मामा म्हणाले, "चूक माझी. पहिला डोळा मी काढला." कुणाला हसावे की नाही ते कळेना. मग वळवळीच हसली, नाक पुसत हसली, आणि दुकानात श्वास परत आला.

मालकांनी तेव्हा एक गोष्ट केली. त्यांनी आपला मोठा कंगवा घेतला आणि माझ्या कडेवर टक टक असा वाजवला.

"आजपासून नियम," ते म्हणाले. "या दुकानात नावाड्याबद्दल कुणीही काहीही बोलावं. पण मी फळी वाजवली की सांगायचं, पुस्तकात कुठे आहे. पान दाखवायचं. दाखवता आलं नाही तर गप्प बसायचं."

मित्रांनो, न्यायाधीशांच्या हातोडीखाली जी लाकडाची चकती असते ना, ती झाले मी. दारात उभी राहून धूळ खाणारी मी, आणि आता माझा आवाज झाला की मोठमोठी माणसे गप्प. मला चढली म्हणा ना थोडी. त्या फुस्स बाईंकडे आता मी तोंड करून बसू लागले.

तो आठवडा म्हणजे दुकानात नुसती धमाल होती. टपालकाका म्हणाले, मुलीचे शहरात कुणीतरी असणार. टक टक. पुस्तकात कुठे आहे? नाही. गप्प. बेकरीवाले मामा म्हणाले, नाव जुनी होती. टक टक. वळवळीने पाने उलटली आणि चक्क सापडले, पहिल्याच प्रवेशात, की नावेच्या तळाला नवे लाकूड बसवले आहे. मामांना एवढा आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना खारी बिस्किटे आणली. नाव जुनी असूनही पक्की होती, हे त्यांच्या म्हणण्याच्या उलटे निघाले होते, याकडे त्यांचे लक्ष नव्हते. पुढे पुढे हा नियम नाटकापुरता राहिलाच नाही. एक गिऱ्हाईक म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही फार बारीक कापले होते." तर अख्ख्या दुकानाने एका सुरात विचारले, पुस्तकात कुठे आहे?

पण खरा प्रश्न होता तिथेच होता. वळवळीला एक गोष्ट सापडली होती. पहिल्या अंकात नावाडी एका उतारूला फुशारकीने सांगतो, की मी मारलेली गाठ आजवर आपणहून सुटलेली नाही. याचा अर्थ ती कुणीतरी सोडली. पण कुणी? नावाडी तर शेवटच्या सकाळी मुलीला सांगतो, की मी नदीकडे फिरकलोच नाही, अंगणात उभा राहून नुसते आभाळ बघत होतो. वळवळी तेच पान पुन्हा पुन्हा वाचायची आणि पेन्सिलीचे टोक माझ्यावर टोचायची. त्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. निबंधाचा दिवस उद्यावर आला, तरी तिला पुढे सरकता येईना.

त्या दुपारी असे झाले. मालकांचे बोट दोन-तीन दिवसांपूर्वी वस्तऱ्याने कापले होते. घरी वळवळीच्या आईने पट्टी बांधून बजावले होते, की हात पाण्यात घालायचा नाही, आणि लक्ष ठेवायचे काम लेकीवर सोपवले होते. त्यामुळे गिऱ्हाइकांचे डोके धुवायला ती स्वतः मागच्या नळाशी जाई. पण त्या दिवशी ती पुस्तकात इतकी बुडाली होती, की मालकांनी तिला उठवले नाही. ते गुपचूप मागे गेले, गिऱ्हाइकाचे डोके धुतले आणि परत येऊन मोठ्या निरागसपणे कंगवा शोधू लागले.

"बाबा, पाण्यात हात घातलात?" तिने मान वर न करताच विचारले.

"छे. मी नळाकडे गेलोसुद्धा नाही."

तिने मान वर केली. मालकांच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. घाईत ते बाह्या दुमडायला विसरले होते.

"बाबा, बाह्या ओल्या आहेत तुमच्या."

मालकांनी बाह्यांकडे पाहिले. टपालकाका म्हणाले, "पकडले गेलात." पण वळवळी रागावली नाही. ती तशीच थबकली होती. मग तिने अशी काही झडप घातली की मी जवळजवळ खुर्चीवरून खाली आले. ती पाने उलटत होती. शेवटचा अंक, शेवटची सकाळ, नावाडी घरात येतो ती जागा. तिथे कंसात, तिरप्या बारीक अक्षरांत, नटासाठी एक सूचना छापली होती. वळवळी आजवर सगळ्या कंसांवरून उडी मारून वाचत आली होती, कारण कंसात कुणी बोलत नाही.

तिने ते वाक्य आधी इंग्रजीत वाचले. मग सावकाश सांगितले, "म्हातारा आत येतो. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या आहेत."

मग तिने स्वतःच्या बोटाने मला वाजवले. टक टक.

"पुस्तकात आहे," ती म्हणाली.

"म्हणजे त्यानंच," बेकरीवाले मामा म्हणाले. "दोराचा खुंटा पुराच्या पाण्याखाली गेलेला. हात घालून सोडला त्यानं."

"पण का?" टपालकाकांना खरोखर कळेना. "पोटावर पाय देऊन घेतला की स्वतःच्या."

त्या वेळी मालक पहिल्यांदा नाटकाबद्दल बोलले. ते ओल्या बाह्या दुमडत होते आणि कुणाकडे पाहत नव्हते. "नाव राहिली असती तर ती गेली नसती," ते म्हणाले. "त्याला ठाऊक होतं. मलाही पहिल्या दिवसापासून तसंच वाटत होतं. पण पान दाखवता येत नव्हतं, म्हणून बोललो नाही."

वळवळीने बापाकडे पाहिले. मग तिने वही ओढली आणि लिहायला लागली. तिची पेन्सिल माझ्यावर अशी धावत होती, की मला गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात निबंध लिहिला. त्यानंतरचे दिवस काढणे आम्हा सगळ्यांना जड गेले. मामांची एक भट्टी करपली. टपालकाका पेपर सुलटा धरून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. आणि एका संध्याकाळी खुद्द बाईच दुकानात आल्या. वळवळीच्या इंग्रजीच्या बाई. सोबत त्यांचा धाकटा होता, आणि त्याचे केस डोळ्यांवर आले होते. मालकांनी त्याला नव्या खुर्चीत बसवले आणि पायाने दाबले. फुस्स झाले मात्र, पोराने टाहो फोडला. ही खुर्ची साप आहे, असे त्याचे म्हणणे पडले. पाय खाली सोडायला तो काही केल्या तयार होईना.

मालक खिडकीकडे आले आणि वळवळीला म्हणाले, "दे जरा ती."

मित्रांनो, कितीतरी वर्षांनी मी पुन्हा माझ्या जुन्या कामावर रुजू झाले. मला नव्या खुर्चीच्या हातांवर ठेवले. हो, तिच्याच. ती अगदी चूप होती. पोरगा माझ्यावर बसला, दोन्ही हातांनी त्याने मला धरले, आणि त्याचे रडणे थांबले. हा घट्ट धरणारा निघाला. मी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली.

बाई जुन्या खुर्चीत टेकल्या. वळवळी भिंतीला चिकटून उभी होती, तिची पाचावर धारण बसली होती.

"निबंध वाचला तुझा," बाई म्हणाल्या. "ओल्या बाह्या तुला कुणी सांगितल्या?"

"कुणी नाही बाई. पुस्तकात आहे. शेवटच्या अंकात, कंसात."

"माहीत आहे मला कुठे आहे ते. दरवर्षी मी वर्गात ती जागा गाळून पुढे जाते आणि वाट बघते, कुणी हात वर करतंय का." बाई हसल्या. "या वर्षी केला कुणीतरी. तू साहित्याच्याच पेपरला बसायचंस."

मामा दारातच उभे होते, त्यांनी तिथूनच समोरच्या बेकरीत ओरडून खारी मागवली. टपालकाकांनी बाईंना नमस्कार केला आणि आपल्या डाव्या डोळ्याबद्दल माफी मागितली. बाईंना काहीच कळले नाही, मग सगळे समजावून सांगावे लागले, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांचा धाकटाही हसायला लागला. मालकांना मशीन बंद करून थांबावे लागले. त्या संध्याकाळी आमच्या दुकानात जेवढे हसू झाले, तेवढे मी ना त्याआधी ऐकले ना त्यानंतर.

मुख्य परीक्षेला अर्थातच मी नव्हते. वळवळीने येऊन सांगितले ते असे, की प्रत्येक मुद्दा लिहिण्याआधी तिचे बोट आपोआप बाकावर टक टक करायचे. पहारा करणाऱ्या गुरुजींनी दोनदा येऊन विचारले, की काय चालले आहे? ती म्हणाली, "काही नाही सर, पुरावा शोधतेय." निकाल लागला तेव्हा साहित्यात तिला शाळेत सगळ्यांत जास्त गुण होते, आणि दुसऱ्या गावच्या मोठ्या कॉलेजात तिला जागाही मिळाली.

पण खरी गाठ इथे होती. जाण्याचा दिवस जवळ आला तशी ती दुकानात जास्तच घोटाळू लागली. झाडू मारायची, टॉवेल घड्या करायची. एकदा म्हणाली, "बाबा, यंदा राहू का? तुमची पाठ दुखते. एका वर्षानं जाईन." मालक मागे नळाशी गेले आणि परत आले ते दोन्ही हात तिच्यासमोर धरून. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. मुद्दाम भिजवल्या होत्या त्यांनी.

"कळलं का?" ते म्हणाले.

ती हसायला गेली आणि रडली. "कळलं," ती म्हणाली. "पुस्तकात आहे."

निघायच्या आदल्या दिवशी ती केस कापून घ्यायला आली. नव्या खुर्चीकडे न जाता तिने जुनी खुर्ची आरशापुढे ओढली, मला तिच्यावर आडवे ठेवले आणि वर चढू लागली.

"अगं मोडेल ती," मालक म्हणाले. "केवढी झालीस तू."

"मोडेल असं पुस्तकात कुठे आहे?"

ती माझ्यावर बसली. मी वाकले, करकरले, पण मोडले नाही. पायरीचे लाकूड आहे मी. तिचे डोके आरशाच्या वरच्या कडेला टेकले होते, आणि मालकांना कापायला टाचा उंचावाव्या लागत होत्या. मित्रांनो, मी वाट बघत होते, की आता ही उजवीकडे सरकेल, मग डावीकडे, मग एक पाय वर घेईल. पण वळवळी त्या दिवशी अजिबात हलली नाही. अगदी दगडासारखी बसली. कात्री मात्र मधेच थांबायची, पुन्हा चालायची, पुन्हा थांबायची.

"डोकं हलवू नकोस," मालक म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता.

ती हललीच नव्हती. तिने आरशात पाहिले आणि म्हणाली, "नाही हलवत, बाबा. कापा तुम्ही सावकाश."

आता माझ्यावर तिचे जुळे भाऊ बसतात, आलटून पालटून. दोघेही वळवळे आहेत, घराण्याचे नाव राखून आहेत. सुट्टीत ती आली की त्यांना हाकलून मला खिडकीशी नेते आणि माझ्यावर नवे पुस्तक उघडते. टपालकाका आणि बेकरीवाले मामा खुर्च्या ओढून आधीच बसलेले असतात, कारण नवे भांडण सुरू व्हायचे असते. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात, झाडूच्या शेजारी उभे असेल, तर त्याला जळणात टाकण्याआधी एकदा पुसून आडवे ठेवून बघा. आणि कुणी तुम्हाला म्हणाले, की ही जुनी वस्तू आता काही कामाची नाही, तर त्याच्याशी वाद घालू नका. बोटाने नुसते टक टक करा, आणि कुठे लिहिले आहे ते पान दाखवायला सांगा.